सात पायऱ्या, सात माल

रस्त्यापासून आमच्या पडवीपर्यंत सात पायऱ्या आहेत. त्या सातही एकाच गवंड्याने, एकाच खाणीच्या जांभ्या चिऱ्यांतून, एकाच आठवड्यात बांधल्या आणि तरी एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. हे कसं झालं ते मला बसूनच सांगावं लागेल. उभं राहून काही सांगण्याची ताकद नोव्हेंबरातच संपली.

ऑगस्टमध्ये मम्मी सगळ्यात खालच्या पायरीवरून पडली. पायरीची कड तिच्या पायाखाली चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी सुटली. घोट्यात एक पट्टी आणि सहा स्क्रू बसवले. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला तेव्हा आमच्या घरातलं सगळ्यात व्यवस्थित बांधकाम तेच असावं असं मला वाटलं. ऑक्टोबरमध्ये ते म्हणाले, आता चाला. मम्मी चालायला लागली. स्वयंपाकघर, खोली, पडवी. पडवीच्या कडेला यायची, पायऱ्यांकडे बघायची आणि वळायची. तिने आपली खुर्चीसुद्धा रस्त्याकडे पाठ करून मांडली.

आता मम्मी म्हणजे चौतीस वर्षं प्राथमिक शाळेतली पिएदाद बाई. रस्त्यावरून जाणारा दर तिसरा माणूस तिच्या हातचा मार खाल्लेला. आधी ती पडवीतून एकेकाला हाक मारून केस काप म्हणून सांगायची. आता ते खालून 'बाई, बरा मां?' विचारत आणि वर फक्त तिचा अंबाडा मान हलवायचा.

जुन्या पायऱ्या पप्पांनी बांधल्या होत्या, लग्नाच्या वर्षी, स्वतःच्या हाताने. पप्पा, म्हणजे फॉस्टिन, पोस्टमन होते. पायऱ्यांशी त्यांचा संबंध इतकाच की ते दिवसभर लोकांच्या पायऱ्या चढायचे. वाळू त्यांनी खाडीतून होडीने आणली. खाडीची वाळू खारी. मीठ ओल खेचतं, मग सुकतं, मग फुगतं, आणि काही वर्षांनी दगड धरून ठेवणारा सांध्यातला माल पिठासारखा गळायला लागतो. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि ऑगस्टमध्ये फळं घेऊन भेटायला आलेल्या प्रत्येकाने ते मम्मीला नव्याने सांगितलं. सफरचंदं स्टुलावर ठेवायची, उसासा टाकायचा आणि म्हणायचं, ती खारी वाळू गो. पप्पांना जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षांत त्यांच्याबद्दल लोक इतकं कधी बोलले नव्हते.

मम्मी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची. माझा पाय चुकला.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी चर्चमधून सायबिणीची यादी घेऊन आलो. डिसेंबरात सायबीण, म्हणजे मारिया मातेची मूर्ती, घरोघर फिरते. रोज संध्याकाळी एका घरातून निघते, माणसं मेणबत्त्या घेऊन गात गात तिला पुढच्या घरी पोचवतात, आणि त्या घरातली मोठी बाई खाली उतरून तिला आपल्या हातात घेते. आमचा दिवस नऊ डिसेंबर. मम्मीने यादी वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"फादराक सांग, आमचा नाव काढ म्हणान."

पप्पा गेले त्या वर्षीसुद्धा तिने नाव काढलं नव्हतं. मी म्हटलं, पायऱ्या नव्या करून घेतो. ती म्हणाली, "कर. मी उतरूचंय नाय." आणि कांदा चिरायला आत गेली. मला त्या क्षणी समजलं की ही उतरली नाही तर आता कधीच उतरणार नाही. नाव एकदा यादीतून गेलं की पुढच्या वर्षी घालायलाही कोणी विचारत नाही. मग चर्च सुटणार, मग बाजार, मग मी कट्टा गावातल्या कामावरून येताना तिच्यासाठी जग पिशवीतून आणणार.

कट्ट्याला मी एका केंद्रात काम करतो. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, लॅमिनेशन आणि लोकांच्या अंगठ्याचे ठसे. दिवसातले आठ तास मी म्हाताऱ्या माणसांना सांगत असतो की तुमचं बोट उमटत नाही. धोंडू मला तिथेच भेटला. त्याची दहाच्या दहा बोटं उमटत नव्हती. यंत्राच्या मते तो अस्तित्वातच नव्हता. सिमेंटने रेषा खाल्ल्या, तो म्हणाला, तीस वर्षांची गवंडीकामं आहेत. मी मनात म्हटलं, ज्याला सिमेंटने इतकं खाल्लंय त्याला सिमेंट कळत असणार. त्याच दिवशी त्याला आमच्या पायऱ्या सांगितल्या.

माझी चूक त्यानंतरची. माल कसा करायचा, हे मी लोकांना विचारलं.

सुरुवात शेजारच्या भाईंपासून झाली. भाई बांधकाम खात्यात तीस वर्षं लेखनिक होते. त्यांनी सिमेंटला हात लावलेला नाही, पण सिमेंटवर सह्या भरपूर केल्या आहेत. एरवी ते आमच्यासारखंच मालवणी बोलतात. बांधकाम म्हटलं की खात्याची मराठी सुरू होते. अंगणातल्या फरशीला एकास सहा चालेल, म्हणाले, म्हणजे एक घमेलं सिमेंट आणि सहा घमेली वाळू. पायरीला मात्र एकास चार. "पायरीची कड ही जबाबदारीची जागा असते, डायलन." हे त्यांनी मला लेखी दिलं. कागदावर जावक क्रमांक होता. तो त्यांनी कुठल्या वहीतला घातला हे मी विचारलं नाही.

मग म्हापशाहून कॉनरॅड अंकल आले, मम्मीचे भाऊ. बांद्यावरून दोन बस बदलून, एका हातात चुन्याची गोण आणि दुसऱ्या हातात दोन किलो गूळ. त्यांचं म्हणणं असं की चिरा मऊ असतो आणि सिमेंट कडक. कडक माल घातला की ताण पडल्यावर सांधा तसाच राहतो आणि दगड फुटतो. माल नेहमी दगडापेक्षा मऊ हवा. म्हणून चुना जास्त, सिमेंट नावापुरतं, आणि कालवायला गुळाचं पाणी. त्यांच्या घराची भिंत तशीच आहे आणि अजून उभी आहे. यात तथ्य होतं हे मला पुढे समजलं. त्या वेळी मला फक्त गूळ दिसला.

माझी बहीण ॲश्लिन आखातात, दोह्याला असते. तिने व्हिडिओ पाठवला. कुठल्यातरी ओल्या देशातला एक लालबुंद माणूस कोरडंच सिमेंट आणि वाळू मिसळतो, दगडांच्या फटींत झाडूने सारतो आणि वरून झारीने पाणी शिंपतो. शेवटी त्या फरशीवर एक लहानसा पक्षी येऊन बसतो. ॲश्लिनच्या मते पक्षी बसला म्हणजे विषय संपला.

कट्ट्याच्या सिमेंटवाल्याने तयार पिशवी दाखवली. पाणी घाला आणि विसरा, असं त्यावर लिहिलं होतं. मला विसरणं आवडलं असतं. एक दिवस फादर स्कूटर थांबवून फाटकातूनच म्हणाले, मजबूत करा हां, चाळीस माणसं चढणार आहेत. त्यांनी प्रमाण सांगितलं नाही.

इतक्या सगळ्यांची मनं राखायची तर एकच मार्ग होता. मी केंद्रावर बसून सगळी प्रमाणं एक्सेलमध्ये भरली आणि सरासरी काढली. सिमेंट एक, वाळू चार पूर्णांक सात, चुना शून्य पूर्णांक नऊ, गूळ चिमूटभर, पक्षी शून्य. कागद लॅमिनेट केला आणि धोंडूच्या हातात दिला. धोंडूने तो उन्हात धरून पाहिला आणि म्हणाला, होय.

तो सगळ्यांनाच होय म्हणत होता. मी सकाळी आठला निघायचो आणि अंधार पडताना यायचो. मधल्या वेळात भाई येऊन सूचना देत, अंकल पडवीत बसून गूळ विरघळलाय की नाही बघत, ॲश्लिन व्हिडिओ कॉल करून वाळू जवळून दाखवायला सांगे. धोंडू रोज एक पायरी बांधत होता, खालून वर. मी घरी येऊन भात लावायचो, मम्मीच्या पायाला तेल चोळायचो, नव्या पायऱ्यांवर बादलीने पाणी मारायचो. सात दिवस पाणी मारायचं हे एकच असं होतं ज्यावर कोणाचं दुमत नव्हतं, म्हणून ते कोणी दुसरं करत नव्हतं.

आठव्या दिवशी रविवार होता. मी बादली घेऊन उतरलो तर खालून तिसऱ्या पायरीवर मुंग्यांची रांग लागली होती. सगळ्यात वरच्या पायरीवरही दोन-तीन मुंग्या होत्या, पण त्या नुसत्या चौकशीला आल्यासारख्या. शिवाय बघावं तर एक पायरी पांढरट, एक काळपट, खालून सहावीवर तर जिल्ह्याचा नकाशा उमटावा तशा बारीक भेगा. धोंडू थापी धुवायला आला होता. त्याला विचारलं, ह्यो मुंगयो खंयसून?

"गूळ आसा मां," तो म्हणाला.

"सगळ्या पायऱ्यांत?"

"नाय, नाय. ती कॉनरॅडबाबांची पायरी."

मग त्याने मला ओळख करून दिली, लग्नात वऱ्हाडाची करून देतात तशी. खालून दुसरी भाईंची, एकास चार, शिवाय त्यांचा कागद घडी घालून आत ठेवलाय म्हणाला. तिसरी कॉनरॅडबाबांची. चौथी ॲश्लिनबायची, कोरडी. तिच्यातला माल वाऱ्याने अर्धा उडाला, पण सांगितलं होतं तसं केलं. पाचवी सिमेंटवाल्याची पिशवी. सहावी फादरांची. फादरांनी मजबूत म्हटलं म्हणून त्याने एकास दोन घातलं, सिमेंट फार झालं, तडकली. सातवी माझी. लॅमिनेट केलेला कागद वाचायला बरा पडला, असं त्याने मुद्दाम सांगितलं.

मी म्हटलं, धोंडू, माणूस एकाचं ऐकतो.

"एकाचा आयकान कसा चलात? उद्या भाईंची न्हाणी बांधूची आसा. फादरांच्या कंपौंडाचा काम आसा. कॉनरॅडबाबा जेवणात अर्धो बांगडो माका देतत. एकाचा आयकलंय तर बाकीच्यांका तोंड कसा दाखवू?"

दिवसभर मी लोकांना नाही म्हणत असतो आणि माझ्याकडे कोणी अर्धा बांगडा घेऊन आलेलं नाही.

मग मी विचारलं, खालची कोणाची? धोंडूने पडवीकडे पाहिलं. तिथून खुर्चीची पाठ आणि अंबाडा दिसत होता. त्याने आवाज उतरवला.

"ती बाईंची. खाडयेची वाळू, न धुता. एकास आठ. फॉस्टिनबाबान घातल्यान तशी."

मी उठायच्या आधीच, पहिल्याच सकाळी, मम्मीने त्याला वर बोलावून हे सांगितलं होतं. धोंडू तिच्याकडे चौथीत होता. तो म्हणाला, बाईंका नाय कसा म्हणतत ता माका शिकवूकच नाय कोणी.

म्हणजे जी पायरी सुटून माझ्या आईच्या पायात सहा स्क्रू गेले, तीच पायरी आम्ही नव्याने, मुद्दाम, पाणी मारून मारून तयार केली होती. मी खाली बसलो आणि कडेवरून अंगठा फिरवला. वाळू निघाली. जिभेवर ठेवून पाहिली. खारी.

त्या संध्याकाळी मी मम्मीशी भांडलो. भांडलो म्हणजे भात ढवळता ढवळता बोललो, जास्त काही करण्याची शक्ती नव्हती. मी म्हटलं, तुला परत पडायचंय का? तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, ऑगस्टपासून या घरात तेवीस माणसं आली. "तेवीस जणांनी माका सांगल्यानी, वाळू वायट. वाळू हाडली कोणी? नाव घेवक नाय तेंनी, पण बोलले तेकाच." तो माणूस चार महिने रोज ओहोटी बघून होडी घेऊन गेला, ती म्हणाली, आणि आता माझ्या पायावरून त्याचा हिशोब करतात. ती पायरी टिकेल आणि सगळ्यांना दिसेल. माझा पाय चुकला होता.

"मगे उतर," मी म्हटलं, "आणि तिच्यार उभी रवान दाखय."

हे बोलायला नको होतं. बोलून झाल्यावर भात करपला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त मिठाबद्दल बोललो, पुरे की नको एवढंच.

मंगळवारी सकाळी मी पहार घेऊन खाली गेलो. पायरी फोडायची, धोंडूला बोलवायचं, भाईंच्या कागदाप्रमाणे नवी घालायची, असा बेत होता. पहार उचलली आणि मला समोर दिवस दिसला. आठ तास अंगठे, मग भात, मग तेल, मग बादली, आणि वर ही पायरी. आणि पडवीत बसलेल्या बाईला ठोके ऐकू येणार. मी पहार दुसऱ्या पायरीवर आडवी ठेवली आणि तिच्या शेजारी बसलो. रस्त्यावरून गुरुदास दूधवाला गेला, पहारीकडे बघत. अर्ध्या तासाने मी पहार परत आत नेली. मम्मीने मागे न बघता विचारलं, चाय ठेवू?

नऊ तारखेपर्यंत पायऱ्यांची गोष्ट गावभर झाली होती. धोंडू कोणाला नाही म्हणत नाही, म्हणून ज्याने विचारलं त्याला त्याने सांगितलं. भाई रोज संध्याकाळी फिरायला जाताना आपल्या पायरीसमोर थांबत आणि इतर पायऱ्यांकडे सहानुभूतीने पाहत. अंकल परत म्हापशाहून आले, या वेळी मुंग्यांची पावडर घेऊन. सिमेंटवाल्याने त्याच्या पायरीचा फोटो मागवला. मी यादीतून नाव काढायला फादरांकडे गेलोच नव्हतो. का गेलो नाही, तर वेळ झाला नाही. यापेक्षा उदात्त कारण माझ्याकडे नाही.

साडेसहाला गाणं ऐकू यायला लागलं. वळणावरच्या रिशेलच्या घरून मिरवणूक निघाली होती. चाळीसेक माणसं, मेणबत्त्यांना कागदी द्रोण लावलेले, पुढे रिशेलची आई मूर्ती छातीशी धरून. भाई आपल्या फाटकात हात जोडून उभे. मी एका हातात ॲश्लिनला धरलं होतं, म्हणजे फोनला. ती दोह्यातून म्हणत होती, कॅमेरा चौथ्या पायरीवर ठेव.

आणि मम्मी पडवीच्या कडेला आली. ठेवणीतली निळी साडी नेसलेली, हातात काठी. मला वाटलं ती तिथूनच हात जोडेल. तिने काठी खाली टेकवली आणि माझ्या पायरीवर पाय ठेवला.

गाणं चालू राहिलं, पण त्यातले शब्द गळायला लागले. माझ्या पायरीबद्दल ती काही बोलली नाही. फादरांच्या पायरीवर थांबून तिने काठीचं टोक एका भेगेवरून फिरवलं आणि मिरवणुकीतल्या फादरांकडे पाहिलं. चौथीतल्या पोराकडे बघावं तसं. फादरांनी नजर मेणबत्तीत घातली. सिमेंटवाल्याची पायरी तिने विसरल्यासारखी ओलांडली. ॲश्लिनच्या पायरीवर एक चिरा किंचित डुगडुगला. शेजारून उतरताना मी तिचा दंड धरला, तिने तो सोडवून घेतला. फोनमधून आवाज आला, काय झालं, काय झालं, पक्षी बसला काय? अंकलच्या पायरीवरच्या मुंग्या तिने काठीने बाजूला केल्या, शाळेच्या व्हरांड्यातली पोरं केल्यासारख्या. अंकल पुटपुटले की हे तात्पुरतं आहे. भाईंच्या पायरीवर ती आली तेव्हा भाईंनी श्वास धरला होता आणि पायरी भक्कम निघाल्यावर तो त्यांनी सोडला, तोंडाने.

आता एकच राहिली. ती बघत उभी राहिली. तिने सगळं वजन चांगल्या पायावर घेतलं. मग वाकून तिने काठीचं टोक कडेवर टेकलं आणि थोडं दाबलं. वाळू सुटली. आवाज झाला नाही, पण मेणबत्त्यांच्या उजेडात ती खाली ओघळताना सगळ्यांना दिसली. गाणं थांबलं. चाळीस माणसं त्या वाळूकडे बघत होती. त्यातली निदान पंधरा त्या तेविसांतली होती.

"वाळू खारी आसा," मम्मी म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, फळ्यावर उत्तर लिहून झाल्यावर बोलत असे तशी.

मग ती काठी माझ्याकडे देऊन भाईंच्या पायरीवर बसली आणि दोन्ही पाय खालच्या पायरीवर ठेवले, नीट, कडेपासून आत. तिने हात पुढे केले. "हंयच हाडा तिका."

रिशेलची आई पुढे आली आणि मूर्ती तिच्या मांडीवर दिली. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, तिथेच झाली, रस्त्यावर. एक दुधाची गाडी आणि दोन मोटारसायकली थांबून राहिल्या. त्यातल्या एका मोटारसायकलवाल्याला मम्मीने मधल्या एका मारियेच्या प्रार्थनेनंतर केस कापायला सांगितलं.

उतरण्याचा विचार आम्ही महिनाभर केला होता. चढण्याचा कोणी केला नव्हता. सात पायऱ्या चढायला वीस मिनिटं लागली. पुढे मूर्ती घेऊन अंकल, मध्ये मम्मी माझ्या खांद्यावर पूर्ण वजन टाकून, मागे चाळीस माणसं एकेका पायरीवर ताटकळत, आणि सगळ्यांच्या मेणबत्त्या बोटांपर्यंत आलेल्या. वर पोचल्यावर ती खुर्चीत बसली आणि मी जमिनीवर. प्रार्थनेनंतर द्यायची चण्याची ताटं कोणी वाटली मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. सकाळी धोंडू आला आणि विचारलं, "बाई, फोडू?"

"फोड. मुळासकट काढ," मम्मी म्हणाली. ती माझा खांदा धरून सहा पायऱ्या उतरून भाईंच्या पायरीवर येऊन बसली होती, चहाचा कप घेऊन. आदल्या दिवशीपेक्षा वाईट उतरली, दोनदा थांबली. पण उतरली.

वरचा चिरा दोन ठोक्यांत निघाला. धोंडूने तिसरा ठोका घातला आणि पहार उडाली. परत घातला, परत उडाली. खाली बघितलं तर पप्पांचा जुना पाया होता. नवी पायरी करताना धोंडूने फक्त वरचे झिजलेले चिरे काढले होते, खालचे हलेनात म्हणून तसेच ठेवले होते. आता तो सकाळी साडेआठपासून त्यावर घाव घालत होता. दर पंधरा मिनिटांनी मम्मी विचारायची, "फुटली?"

"नाय, बाई."

दहा वाजता भाई आले. अकराला अंकल उठून आले. मम्मीने पुन्हा विचारलं, फुटली? धोंडूने शर्टाने तोंड पुसलं आणि म्हणाला नाय. चार महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पाहिलं नव्हतं. बाराच्या सुमाराला एक कोपरा निघाला, मुठीएवढा. भाईंनी चष्मा लावून तो पाहिला. अंकलनी वास घेतला. धोंडूने थापीने खरवडून तळहातावर घेतला.

"चुनो आसा," तो म्हणाला. "शिंपलो कुटून घातल्यान हा. वाळू खाडयेचीच. बाकी काय आसा ता कळणा नाय. हवा लागूक नाय म्हणान ऱ्हवला असात, नायतर..."

भाईंनी विचारलं, "ह्या जुन्या पायाला प्रमाण काय घेतलं होतं त्यांनी? काही नोंद आहे?"

"माका काय म्हायत," मम्मी म्हणाली. "तेणी कोणाक विचारूकच नाय."

पाया तसाच ठेवायचा ठरलं. ठरलं म्हणजे धोंडूने पहार टाकली. आता त्याच्यावर एक चिरा बसवायचा होता आणि त्याला माल लागणार होता. धोंडू सवयीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. भाईंनी तोंड उघडलं. मम्मीने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मिटलं. अंकल गुळाच्या दिशेने वळले होते, ते थांबले. माझा फोन वाजत होता, ॲश्लिन, मी घेतला नाही.

"धोंडू," मम्मी म्हणाली, "तुझ्या मतान कसो करूचो?"

धोंडूने उजव्या हाताची बोटं डाव्याने दाबून पाहिली.

"माका चार दीस देवा," तो म्हणाला. "तीस वर्सात माका कोणी इचारूक नाय. इचार करूक होयो."

चार दिवस खालची पायरी नव्हती. मम्मी रोज सकाळी उरलेल्या सहा पायऱ्या उतरायची आणि भाईंच्या पायरीवर येऊन बसायची, मी कट्ट्याला जाताना तिला तिथे सोडून जायचो आणि भाई तिला दुपारी वर आणायचे, तक्रार न करता, कारण पायरी त्यांची होती. पाचव्या दिवशी धोंडू आला. हातात थापी नव्हती. तो फाटकात उभा राहून म्हणाला, एकास पाच वाटतंय, नदीची वाळू, दोनदा धुतलेली, चिरा रात्रभर पाण्यात. पण चुना घालावा की नाही ते अजून पक्कं होत नाही. अजून एक दिवस लागेल.

"लागांदे," मम्मी म्हणाली. "मी हंय बसलंय."